किल्ली खुंटीला, जबाबदारी कुणाला?

जून उजाडला की आमच्या सहकारनगरच्या सोसायटीत, खाली पार्किंगमध्ये, एक ठरावीक आवाज ऐकू यायला लागतो. नुकतीच गाडी शिकलेलं पोर सेल्फचं बटण गरजेपेक्षा जास्त वेळ दाबून धरतं, तो आवाज. यंदा तो तिसऱ्या मजल्यावरच्या अथर्वचा होता. वय पंधरा, दहावी, टिळक रोडला सकाळी साडेसहाचा क्लास. मी दूध घेऊन परत येत होतो, तर हा स्कूटरवर बसलेला, हेल्मेट आरशाला अडकवलेलं, आणि शेजारी त्याचे आजोबा उभे. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. नाना हलक्या आवाजात सूचना देत होते, "लक्ष्मीनारायण चौकात पोलीस असतो, आतल्या रस्त्याने जा."

मला बघून ते जरा ओशाळले आणि लगेच बचावाला उभे राहिले. "दोन-अडीच किलोमीटर तर जायचंय, वकीलसाहेब. आणि काही झालंच, तर अज्ञान आहे तो. कल्याणीनगरचं पोर्शेचं प्रकरण पाहिलंत ना? निबंध लिहून सुटला."

मी वकिली करतो, पण हातात दुधाच्या पिशव्या असताना कायदा सांगायचा नाही हे एक पथ्य पाळतो. त्यामुळे तेव्हा गप्प बसलो. पण नानांच्या त्या वाक्यात जे गैरसमज आहेत ते एकट्या नानांचे नाहीत. निम्म्या पुण्याचे आहेत. पोर अज्ञान, म्हणजे त्याला काही होत नाही. आणि त्याला काही होत नाही, म्हणजे आपल्यालाही होत नाही. यातलं पहिलं अर्धवट खरं आहे. दुसरं साफ खोटं.

'अज्ञान' म्हणजे किती वर्षांचा?

कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालचा तो अज्ञान आणि त्यावरचा तो सज्ञान. शब्द फसवे आहेत, कारण मोबाइलवरून वीजबिल भरून देणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोराला अज्ञान म्हणणं त्याच्या आजोबांनाही जड जातं. पण इथे हुशारीचा संबंध नाही, फक्त जन्मतारखेचा आहे. अठराची रेघ १८७५च्या कायद्याने आखली आणि आजही तीच चालते.

मात्र सतरा वर्षं तीनशे चौसष्ट दिवस शून्य आणि दुसऱ्या दिवशी सगळं, असंही नाही. लहानपणी लक्ष्मी रोडला शाळेचा गणवेश घेताना आई 'वाढत्या अंगाचा' मागायची आणि दरवर्षी दुमड उसवून थोडं कापड सोडायची. कायदाही तसाच वाढत्या अंगाचा शिवलेला आहे. सात वर्षांखालच्या मुलाने काहीही केलं तरी भारतीय न्याय संहितेनुसार तो गुन्हाच नाही. सात ते बारा या वयात, आपण काय करतोय हे कळण्याइतकी समज त्याला होती का, हे बघायचं. दहा वर्षं पूर्ण झाली की बँकेने घातलेल्या मर्यादेत तो स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू शकतो, फक्त शिल्लक उणे जाता कामा नये. सहा ते चौदा या वयात शाळेचा हक्क त्याचा, आणि त्याला शाळेत घालण्याचं कर्तव्य आईबापाचं. हे कर्तव्य २००२च्या घटनादुरुस्तीने थेट राज्यघटनेत लिहिलंय. अठराव्या वर्षी मत, करार, वाहन परवाना. आणि कापड तिथेही संपत नाही. मुलाच्या लग्नाला एकवीस, महाराष्ट्रात बिअर-वाइनला एकवीस, त्याहून कडक दारूला पंचवीस.

सोळाव्या वर्षी मुलाला मित्रासारखं वागवावं असं जुनं सुभाषित आहे. मोटार वाहन कायदा त्याच वयात त्याला पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना देतो. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये असते ती स्कूटर शंभर-सव्वाशे सीसीची. त्यामुळे 'सोळाला लायसन मिळतं' हे ऐकीव वाक्य आपल्या गाडीला लागू होत नाही. अथर्व तर पंधराचाच.

गाडी पोराने चालवली, मग पोलीस बापाच्या दारात का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि प्रश्न रास्त आहे. फौजदारी कायद्याचा साधा नियम असा की ज्याने केलं त्याने भोगायचं. उद्या अथर्वने दुकानातून चॉकलेट उचललं, तर त्यासाठी त्याच्या वडिलांना तुरुंगात टाकता येत नाही. मुलाचं पाप बापाच्या खात्यावर आपोआप चढत नाही.

पण गाडीच्या बाबतीत बापाला शिक्षा होते ती मुलाच्या चुकीची नाही, स्वतःच्या चुकीची. किल्ली देणं हे त्याचं स्वतःचं कृत्य. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना त्या कायद्याखालचा गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, वर्षभरासाठी गाडीची नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. हे शेवटचं पोरांना सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. बापाच्या तुरुंगवासाचं त्यांना एवढं वाटत नाही. कॉलेज संपेपर्यंत पीएमटीने फिरायचं, याचं वाटतं. (पीएमपी म्हणायला हवं, पण कोण म्हणतं?)

'किंवा वाहनाचा मालक' हे शब्द परत वाचा. नानांच्या घरातली स्कूटर आरसी बुकावर नानांच्याच नावावर आहे. संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा मी एवढंच विचारलं, "गाडी कुणाच्या नावावर?" ते म्हणाले, "माझ्या. का?" आणि मग स्वतःच थांबले.

"मी दिलीच नव्हती, त्याने न विचारता घेतली"

ही पळवाट कायद्यात आहे, पण तिचं दार अरुंद आहे. एरवी गुन्हा सिद्ध करायचं ओझं सरकारवर असतं. इथे उलट. किल्ली तुमच्या संमतीनेच गेली, असं न्यायालय गृहीत धरून चालतं. मला माहीत नव्हतं किंवा मी पुरेपूर काळजी घेतली होती, हे पालकाने किंवा मालकाने सिद्ध करायचं.

आता कसं सिद्ध करणार? आमच्या बहुतेक घरांत दाराच्या मागे लाकडी पट्टीवर चार खुंट्या असतात. एकीला लॅचची किल्ली, एकीला गाडीची, एकीला छत्री. गाडीची किल्ली रोज तिथेच, पोराचा हात पोहोचेल अशी. सोसायटीच्या कॅमेऱ्यात तो गेले तीन महिने सकाळी सव्वासहाला गाडी काढताना दिसतोय. आणि आईच्या फोनवरून त्याला गेलेला मेसेज आहे : 'येताना कोथिंबीर आण, पेट्रोल बघ.' एवढ्यावर 'मला माहीतच नव्हतं' कोण मानेल?

विम्याचं कुणी विचारतच नाही, आणि घर बुडतं ते तिथे. अपघातात कुणी दगावलं किंवा कायमचं जायबंदी झालं, तर भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो. चालवणारा विनापरवाना होता आणि गाडी मालकाने जाणूनबुजून त्याच्या हाती दिली होती, असं निघालं, तर तो विम्याच्या अटींचा भंग ठरतो. अशा अनेक प्रकरणांत न्यायालयांनी विमा कंपनीला सांगितलंय, जखमीच्या किंवा मृताच्या कुटुंबाला पैसे आधी तुम्ही द्या, मग मालकाकडून वसूल करा. अपघातात सापडलेल्याला ताटकळत ठेवायचं नाही, म्हणून ही रीत. मालकासाठी तिचा अर्थ सरळ आहे. मरण पावलेली व्यक्ती तरुण आणि कमावती असेल, तर रक्कम लाखांत नाही, कोटीच्या घरात जाऊ शकते. ती पीएफमधून आणि घर विकून येते.

इलेक्ट्रिकचंही सांगतो, कारण अथर्वच्या आईने तेच विचारलं. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत धावणारी आणि अडीचशे वॉटच्या आतली गाडी नियमांत बसत असेल, तर ती कायद्याने 'मोटार वाहन' ठरत नाही आणि तिला परवाना लागत नाही. विक्रेता 'लायसनची गरज नाही' म्हणतो तेव्हा हेच म्हणत असतो. पण तीच गाडी पंचेचाळीसने पळत असेल, किंवा घेतल्यावर कुणी तिचा वेग 'उघडून' दिला असेल, तर ती मोटार वाहनच. तिलाही वरचं सगळं लागू.

निबंध लिहून खरंच सुटता येतं?

१९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. त्याच दिवशी येरवड्याच्या बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला. अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता, पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर कामही होतं. शहर पेटलं, आणि पेटायला कारण होतं. पण त्या रागात एक गोष्ट निसटली. तो निबंध ही शिक्षा नव्हती. ती जामिनाची अट होती. खटला तेव्हा सुरूही झाला नव्हता.

अल्पवयीन आरोपीला कायदा आरोपी म्हणत नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. बोजड शब्द आहे, यापुढे वापरत नाही. त्याचं प्रकरण नेहमीच्या कोर्टात न जाता मंडळापुढे जातं. त्यात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक स्त्री. कोर्ट विचारतं, काय केलंस? मंडळ तेही विचारतं, पण पुढे विचारतं, घरी कोण आहे, हे कसं घडलं, आता तुझं काय करायचं? २०१५च्या बाल न्याय कायद्यात जामीन हा नियम आहे. सोडल्यास तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल, असं दिसलं तरच नाकारायचा. म्हणूनच जामिनावर असताना त्या पोर्शेवाल्या मुलाला निरीक्षणगृहात ठेवणं मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४मध्ये बेकायदा ठरवलं आणि त्याला आत्याच्या ताब्यात दिलं.

"सतरा वर्षांचा घोडा, त्याला मोठ्यांसारखाच चालवा ना खटला!" हे मीही त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर दहा वेळा ऐकलं. सोय आहे. मूल सोळा ते अठरा वयाचं आणि गुन्हा 'निर्घृण' वर्गातला असेल, तर मंडळ आधी प्राथमिक पारख करतं : परिणाम कळण्याची त्याची कुवत होती का, कोणत्या परिस्थितीत घडलं. मग प्रकरण मोठ्यांच्या धर्तीवर चालवायला पाठवता येतं. पण 'निर्घृण' हा शब्द इथे भावनेचा नाही, मोजमापाचा आहे. ज्या गुन्ह्याला कायद्याने किमान सात वर्षं शिक्षा आहे, तोच निर्घृण. कमाल दहा वर्षं असेल पण किमान काहीच लिहिलेलं नसेल, तर तो त्याखालच्या 'गंभीर' वर्गात जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात स्पष्ट केलं. पोर्शे प्रकरणात लावलेल्या सदोष मनुष्यवधाच्या कलमाला तेव्हाच्या दंडसंहितेत किमान सात वर्षं नव्हती. पुढे जुलै २०२५मध्ये त्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली.

हे योग्य की अयोग्य, यावर भांडता येईल. माझं मत विचाराल तर निबंधाची अट असंवेदनशील होती. दोन घरांत सुतक असताना ३०० शब्दांची भाषा शोभत नाही. पण एका प्रकरणाच्या रागापोटी सगळ्याच सोळा वर्षांच्या पोरांना मोठ्यांच्या तुरुंगात लोटणारा कायदा मला नको. तिथे जाणारी बहुतेक पोरं पोर्शेतून येत नाहीत.

आणि दोषी ठरल्यावर? सुधारगृहात जास्तीत जास्त तीन वर्षं, किंवा समाजसेवा, समुपदेशन, दंड. हा दंड आईवडिलांनी भरावा, असाही आदेश मंडळ देऊ शकतं. त्या मुलाचं नाव किंवा फोटो छापणं, फिरवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हाच तो' म्हणून फोटो पुढे ढकलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्या पोर्शे प्रकरणात वडिलांवरही वेगळा गुन्हा नोंदवला गेला, गाडी दिल्याचा आणि दारू पिण्याची मोकळीक दिल्याचा. मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. म्हणजे मुलासाठी कमाल तीन वर्षं, आणि त्याच्या हातात ग्लास देणाऱ्या मोठ्या माणसासाठी सात.

पोराच्या नावावरचा फ्लॅट

इथे गोष्ट उलटी होते. वर पालकाने जबाबदारी टाळली म्हणून कायदा चिडला होता. इथे पालकाने अधिकार जास्त वापरला की चिडतो.

माझ्याकडे आलेलं एक जोडपं. धायरीला दोन खोल्यांचा फ्लॅट आठ वर्षांच्या मुलीच्या नावावर घेतलेला, 'तिच्या लग्नाला होईल' म्हणून. पुढे धंद्यात खोट आली आणि विकायला काढला. गिऱ्हाईक आलं, टोकन झालं, आणि गिऱ्हाइकाच्या वकिलाने विचारलं, कोर्टाची परवानगी कुठाय? वडील माझ्यासमोर लालबुंद. "पैसे माझे, पोर माझं, आणि परवानगी कोर्टाची?"

हो. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यानुसार (हिंदूंत इथे बौद्ध, जैन आणि शीखही येतात) मुलाच्या स्वतःच्या नावावरचं घर-जमीन विकायला, गहाण टाकायला, बक्षीस द्यायला न्यायालयाची आधी परवानगी लागते. पैसे कुणी घातले ते नंतर. खरेदीखतावर नाव मुलीचं, तर मालकीण मुलगी. वडील भिशी सांभाळणाऱ्यासारखे. डबा त्यांच्या कपाटात असतो, आतले पैसे त्यांचे नसतात. परवानगी न घेता विकलं, तर ती मुलगी अठराची झाल्यावर तीन वर्षांत येऊन म्हणू शकते, हा व्यवहार मला मान्य नाही. म्हणून शहाणं गिऱ्हाईक असला फ्लॅट घेत नाही. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या मुलाच्या हिश्शाला मात्र वेगळे नियम आहेत, ते यात मिसळू नका.

गावाकडच्या सातबाऱ्यावर हेच 'अ.पा.क.' या तीन अक्षरांत दिसतं : पुढे आईचं किंवा चुलत्याचं नाव, अज्ञानाचा पालनकर्ता म्हणून. मूल सज्ञान झाल्यावर तलाठ्याकडे वयाचा पुरावा देऊन हा शेरा काढून घ्यायचा असतो. चाळिशीतल्या माणसाच्या नावापुढेही तो तसाच राहिलेला मी पाहिलाय.

कर वाचवायचा म्हणून मुलाच्या नावावर एफडी करणाऱ्यांना एकच सांगतो. व्याज त्याच्या नावावर आलं तरी करासाठी ते आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात धरलं जातं. मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कलेने कमावलं असेल तर नाही.

पालक म्हणजे आई की बाप?

त्याच १९५६च्या कायद्यात लिहिलंय, नैसर्गिक पालक बाप आणि 'त्यानंतर' आई. या 'त्यानंतर'ने कित्येक आयांना बँकेच्या काउंटरवरून परत पाठवलंय. १९९९मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ सैल केला. 'त्यानंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही. बाप लक्ष घालत नसेल तरी आई पालक. २०१५मध्ये अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता एकटीने पालक होण्याचा हक्क मान्य झाला. आणि १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नाव आणलं : मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव.

घटस्फोटात पालकत्व आणि ताबा या दोन गोष्टी वेगळ्या. ताबा म्हणजे मूल कुणाजवळ राहणार. पाच वर्षांच्या आतलं मूल सहसा आईकडे. त्यापुढे शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात निकष एकच, मुलाचं हित. कोण जास्त कमावतं हा नाही, आणि चूक कुणाची हाही नाही. ताबा एकाकडे गेला म्हणून दुसऱ्याचा पोटगीचा भार उतरत नाही. "मला भेटू देत नाही, मग पैसे का देऊ?" असं म्हणणारे बाप मला दर महिन्याला भेटतात. पोटगी बायकोची नसते, पोराची असते.

"आमचं पोर, दोन फटके दिले तर काय?"

शाळेला एकही फटका देता येत नाही, हे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने पक्कं केलं. घरात कायदा एवढा घुसत नाही. पण मुलाला ताब्यात ठेवणाऱ्याने त्याला मारहाण केली, टाकून दिलं, जाणूनबुजून हयगय करून त्रास दिला, तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि 'ताब्यात ठेवणाऱ्या'त आईबापही येतात. मुलाला स्वतःहून १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावता येतो. शेजाऱ्यालाही.

आणि पोरांनी आमचं काय करायचं?

हा प्रश्न नानांचा. किल्लीचं प्रकरण झाल्यावर चार दिवसांनी ते माझ्याकडे आले, चष्म्याच्या डबीत दुमडलेला कागद घेऊन. राहतं घर त्यांच्या एकट्याच्या नावावर. ते त्यांना थेट अथर्वच्या नावावर बक्षीसपत्राने करायचं होतं. "मुलाच्या नावावर नको, नातवाच्या करतो. तो मला बघेल."

सज्ञान मुलांवर, आणि सज्ञान नातवंडांवरही, २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईबाप-आजीआजोबांना सांभाळायची जबाबदारी आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. 'मला सांभाळशील' या अटीवर घर दिलं आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते बक्षीस रद्दही होतं. २०२५च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका आईची मालमत्ता अशीच मुलाकडून परत मिळवून दिली. पण अट कागदावर स्पष्ट हवी.

"मग अट घालू," नाना म्हणाले.

"घाला. पण अथर्व पंधराचा आहे. अज्ञानाला बक्षीस घेता येतं, त्याच्या वतीने आईवडील स्वीकारतात. पण बक्षिसाबरोबर येणारं ओझं त्याच्यावर अठरापर्यंत बंधनकारक नाही. तोवर घर त्याचं, अट हवेत. शिवाय तुमच्या औषधपाण्याला घर विकायची वेळ आली, तर त्याच्या आईवडिलांना कोर्टाची परवानगी मागावी लागेल."

"म्हणजे माझ्याच घरासाठी?"

"तेव्हा ते तुमचं नसेल, नाना. मृत्युपत्र करा. नाव हवं तर अथर्वचंच लिहा. तुम्ही आहात तोवर घर तुमचं, आणि मन बदललं तर कागदही बदलता येतो."

नानांनी कागद परत डबीत ठेवला. उठताना सदऱ्याच्या आतल्या खिशात काहीतरी खुळखुळलं. किल्ली खुंटीवरून तिथे आली होती. म्हणाले, "त्याची सायकल काढलीये माळ्यावरून. दोन्ही चाकं बसलीत. पर्वतीच्या पायथ्याशी तो पंक्चरवाला होता, तो अजून आहे का हो?"